फ्रेंच कॉलेजातला ‘अहो’

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

आज दुपारी, नदीवरचा पूल यायच्या जरा आधी, थेरेझ मला ‘तुम्ही’ म्हणाली आणि सगळं बदललं. शांतपणे लिहायचं ठरवलंय. अक्षर बघता ते जमलेलं दिसत नाही.

फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच आहे. ‘त्यु’ म्हणजे तू, ‘व्हू’ म्हणजे तुम्ही. सप्टेंबरपासून थे. मला त्यु म्हणत होती, कॉलेजातल्या झाडून सगळ्यांना म्हणते तसंच. आज तिच्या आजीकडून परत येताना गाडीत समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, “तुम्ही मला इथेच सोडा.” व्हू. नीट ऐकलं मी.

आई बाबांना हेच म्हणते. याच सुरात. “अहो, इथेच सोडा मला.” तेही समोर बघत.

बाहेर बर्फ, ती उतरली, टोपी ओढली, गेली. मी गाडी तिथेच चालू ठेवून बसलो. मागच्याने हॉर्न मारला. पहिल्यांदाच कोणाच्या हॉर्नवर भडकलो नाही.

८ फेब्रु., मंगळ.

आजीकडचं लिहायचं राहिलं. इथे आजीला मेमेर म्हणतात. मेमेरचा नवरा गिरणीत होता. पाळी संपली की संध्याकाळी कॉलेजच्या भिंती बांधायला जायचा, फुकट. असे पुष्कळ जण. सगळे कॅनडातल्या क्युबेकमधून इथे अमेरिकेत कापूस विणायला आलेले. त्यांची पोरं फ्रेंचमध्ये शिकावीत म्हणून पाद्र्यांनी काढलेलं कॉलेज. गणूकाका या कॉलेजचा इतिहास करतायत, म्हणून मेमेरचं बोलणं टेप करायला गेलो होतो. थे. प्रश्न विचारते, मी टेपरेकॉर्डर धरतो आणि गाडी चालवतो. काकांना आता दिसत नाही फारसं.

गणूकाका म्हणजे प्रोफेसर गान्यों. माझ्या रूममेटने, सुध्याने पाडलेलं नाव. “तुझा गण्या काय म्हणतो?” मी म्हटलं, सत्तरीचा माणूस आहे, निदान काका म्हण. तेव्हापासून गणूकाका.

मेमेर दोन तास बोलली. शेवटी आवाज बसला. मी विचारलं, तू दमलीस का? पाणी आणू तुला? टेबलावर सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं माझे उच्चार. मेमेर मात्र खो खो हसली, माझ्या ताटात मांस भरलेल्या पाईचा अजून एक तुकडा टाकला.

आणि येताना गाडीत ते. म्हणजे आजीशी मी ज्या मायेने बोललो ते तिला भिडलं. दुसरं काय.

१६ फेब्रु., बुध.

बाबांचा फोन, घरून, पार्सिपनीहून. तेच.

“इंजिनियरिंगचं थर्ड इयर सोडून काय करतोयस म्हणे? ड्रायव्हरकी? ड्रायव्हर व्हायला अमेरिकेत आलो आपण?”

“इतिहासाचं काम आहे, बाबा.”

“कुणाचा इतिहास?”

“फ्रेंचांचा.”

मग फोन आईकडे. “जेवलास का रे?”

मी थर्मोच्या, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सच्या प्रोफेसरशी भांडलो, पेपर त्याच्या टेबलावर आपटून निघालो, ते बाबांना माहीत आहे. तो माझ्या नावाची टिंगल करत होता, ते माहीत नाही. सांगणार नाही. आता सांगून इंजिनियर थोडाच होणारे.

थे. आजही व्हू. दोनदा. “तुमच्याकडे रिकामी कॅसेट आहे?” आणि “तुम्ही बघा.” तुम्ही बघा! काय बघायचं ते ऐकलंच नाही मी.

२० फेब्रु., रवि.

सुध्याला सांगितलं. रूममेट आहे, कधीतरी सांगावंच लागणार. भात परतत होता. नागपूरचा, एमएस करतोय, जगातलं सगळं कळतं.

“अबे, ‘तुम्ही’ म्हणाली म्हणून लग्न ठरलं काय?”

“तुला नाही कळणार.”

“आमची वहिनी भांडली की दादाला ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येते. फ्रेंचांत उलटं असलं तर, यार?”

झारा हिसकावून घेतला त्याच्या हातातून. मग दोघांनी करपलेला भात खाल्ला.

२ मार्च, बुध.

गणूकाकांना घेऊन शेजारच्या गावी. एक माजी विद्यार्थी, आता न्हावी. त्याचं दुकान चालू, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर कात्री, आणि इकडे टेप चालू.

त्याने सांगितलेलं: सरकारी शाळेत फ्रेंच बोललं की छडी. मग बापाने या कॉलेजात घातलं. इथे इंग्लिश बोललं की जेवणाच्या वेळी उभं राहून सगळ्यांना सूप वाढायचं. आपलं गार होईपर्यंत. म्हणाला, “दोन्ही भाषांत शिक्षा झाली, म्हणून दोन्ही चांगल्या येतात.” कापून घेणारा इतका हसला की कान वाचला नशिबाने.

मी सांगितलं, ठाण्याला आमच्या इंग्लिश मीडियममध्ये मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. काकांना फार आवडलं. “म्हणजे उभं करणं सगळीकडे आहे,” म्हणाले.

घरी येऊन वाटलं, मराठीत लिहितोय हे बरंय. सुध्या सोडला तर दीडशे मैलांत कोणी वाचणार नाही, आणि सुध्याला माझं अक्षर लागत नाही.

६ मार्च, रवि.

आजचं जसं झालं तसं लिहितो.

काकांना चर्चमधून घरी सोडत होतो. टेप चालू करायला सांगितली, गाडीतच. कॉलेज युनिव्हर्सिटीत कसं आलं त्याबद्दल. गिरण्या बंद पडल्या, पाद्र्यांना परवडेना, मैदानापलीकडच्या इंग्लिश युनिव्हर्सिटीने पोटात घेतलं. अट एकच, या भिंतींच्या आत शिकवणं फ्रेंचमध्ये. पहिल्या वर्षी तिकडची पोरं इकडे यायला लागली आणि प्रोफेसरांनाही सरळ त्यु म्हणायला लागली. पाद्री हादरले. काका तेव्हा चाळिशीतले. त्यांनी ठरवलं, आपणही सगळ्यांना त्यु म्हणायचं.

“आजही म्हणतो. व्हू फक्त रागावलो तर. माझ्या वर्गात व्हू ऐकलं की पोरगं समजतं, आपलं काहीतरी चुकलं.”

ब्रेक जोरात लागला. काका डॅशबोर्डला हात टेकून, “हरीण?”

“नाही.”

थोडं पुढे जाऊन विचारलं, आणि बायका? बाईमाणूस पुरुषाला व्हू म्हणते तेव्हा?

“माझी आई माझ्या वडलांना जन्मभर व्हू म्हणाली.”

“प्रेमाने?”

“नऊ मुलं झाली. प्रेमाचं आम्ही कोणी विचारलं नाही.”

एवढंच. टेप घरापर्यंत चालूच होती. पुढे नुसता गाडीचा आवाज.

७ मार्च, सोम.

जाऊन विचारलंच. थांबणं मला जमत नाही. थे. लायब्ररीत टेपवरचं उतरवून घेत होती, कानाला हेडफोन. काढायला लावले.

“त्या रविवारपासून माझ्यावर रागावली आहेस?”

तिने आजूबाजूला बघितलं. मग हळू आवाजात सगळं. मेमेरला घरात कोणी त्यु म्हणत नाही. थे.चे वडील पन्नाशीचे, तेही मेमेरला, स्वतःच्या आईला, व्हू म्हणतात. आणि मी, पहिल्यांदा घरी आलेला, सगळ्यांसमोर तू दमलीस का! मेमेर हसली, पण थे.च्या सख्ख्या काकाने नंतर तिला विचारलं, हा कोण, आणि असा कसा घरचा झाला?

मी सांगितलं, आमच्याकडे आजीला तूच म्हणतात. आईलाही. देवालासुद्धा.

“आणि वडलांना?”

“अहो. म्हणजे व्हू.”

“म्हणजे देवाला भीत नाही, बापाला भिता.”

हसली. महिन्याभरात पहिल्यांदा. इथेच थांबायला हवं होतं मी.

“अजून कोणाला व्हू?” तिने विचारलं.

“नवऱ्याला. बायको नवऱ्याला तू म्हणत नाही. निदान आईच्या पिढीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. कळताना दिसलं मला. आधी कान लाल, मग गळा. हेडफोन घातले. टेप सुरू केलेली नव्हती.

१४ मार्च, सोम.

आता ती त्यु म्हणत नाही आणि व्हूही म्हणत नाही. दोन्ही बंद.

तिसराच शब्द काढलाय, ‘ओं’. “ओं निघायचं?” “ओं उद्या भेटतोय ना?” कोणीही, सगळे, आम्ही, काहीही होतो त्याचा अर्थ. आपल्या ‘आपण’सारखा. आपणही दोन्हीकडे चालतं, आपण दोघं जाऊ, किंवा आपण बसावं साहेब.

सुध्या म्हणतो, “मस्त. आता तिच्यासाठी तू साहेब तरी आहेस नाहीतर घरचा तरी. एंजॉय कर.”

२२ मार्च, मंगळ.

युनिव्हर्सिटीचं पत्र. फ्रेंच कॉलेज ‘पुनर्विचाराखाली’. ७ एप्रिलला सुनावणी, कॉलेजने आपली बाजू मांडावी. काकांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, इंग्लिशमध्ये, कॉलेजच्या आत. दाराशी दोन पोरी थबकून बघत होत्या.

थे.चं एक वर्ष उरलंय. कॉलेज बंद झालं तर ती क्युबेकला जाऊन पूर्ण करणार. मावशी आहे तिथे. हे तिने मला नाही, काकांना सांगितलं, मी चहा घेऊन आत येत असताना. ट्रे खाली ठेवला. माझं काय म्हणणं आहे ते कोणी विचारलं नाही. काही नव्हतंच. म्हणजे एकच होतं.

२६ मार्च, शनि.

मीटिंग, जेवणाच्या हॉलमध्ये. ठरलं असं: सुनावणीत कॉलेजचं प्रत्येक माणूस फ्रेंचमध्येच बोलणार. थे. इंग्लिश करून सांगेल. समितीला बसू दे कान टवकारून. हे कॉलेज काय आहे ते त्यांना दुसरं कशाने कळणार? सगळ्यांनी टेबलं वाजवली. मीही.

थे. माझ्या शेजारून जाताना म्हणाली, “ओं शांत राहायचं हं त्या दिवशी.” त्या ‘ओं’चा अर्थ मात्र बरोबर कळला.

७ एप्रिल, गुरु.

केलं मी. लिहून टाकतो.

समितीचा हॉल पलीकडच्या बाजूला, इंजिनियरिंगच्याच बिल्डिंगमध्ये. थर्मोचा मास्तर जिन्यात भेटला, ओळख दाखवली नाही, मीही नाही. काका बोलले, न्हावी बोलला, मेमेर बोलली. थे. प्रत्येक वाक्याचं इंग्लिश करत होती, एका लयीत, काही न गाळता. समिती खरंच पुढे सरकून ऐकत होती. एक बाई तर मेमेरच्या वेळी लिहायचं थांबली.

मग डीन. गोड आवाज. “आम्हा सगळ्यांना आपलं हे छोटंसं फ्रेंच घर फार प्रिय आहे.”

छोटंसं. घर. डोक्यात काहीतरी गेलं. उठलो आणि ओरडलो. इंग्लिशमध्ये. फ्रेंच आठवलंच नाही. “घर? त्या बाईच्या नवऱ्याने पाळी करून येऊन विटा रचल्या! तुम्ही काय रचलंत? रिपोर्ट?” अजून बरंच. एक शिवी मराठीत.

डीनने मी संपेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाला, “थँक यू. चला, कॉलेजच्या बाजूने कोणीतरी मला कळेल असं बोललं.”

सगळे हसले. समिती, मागचे लोक, दारातला शिपाई. ती लिहायची थांबलेली बाईही. त्यानंतर कोणी पुढे सरकून ऐकलं नाही.

थे. हसली नाही. भाषांतर करायला काही उरलं नव्हतं, हातातला कागद तिने दुमडला, अजून दुमडला.

८ एप्रिल, शुक्र.

तिला गाठलं, कॉलेजच्या मागच्या दाराशी. माफी मागितली. म्हणाली, “त्यांना हेच हवं होतं. नूमधल्या एकाने इंग्लिशमध्ये ओरडायला.”

नू म्हणजे आपण, आणि नू म्हणजेच आम्हीही. आपल्यातला म्हणाली की आमच्यातला, ते फ्रेंचमध्ये कळत नाही. विचारायची माझी लायकी नव्हती आज.

१९ एप्रिल, मंगळ.

काकांकडे रोज जातो. टेपा लावतो, ते ऐकतात, हे ठेव, हे काढ. इतिहास युनिव्हर्सिटी आली तिथपर्यंत आणला आणि म्हणाले, बंद कर.

“पुढचं?”

“पुढे इतिहास नाही, मीटिंगची मिनिट्स आहेत. ती ते ठेवतात.”

माझ्यावर अजून रागावलेले नाहीत. विचारलं, म्हटलं, का नाही? म्हणाले, “सव्वीस वर्षं मी त्या समित्यांपुढे अत्यंत सभ्य फ्रेंचमध्ये बोललो. त्याचंही हेच झालं.” आणि वर, “पण तू मूर्खच आहेस.” त्यु म्हणाले.

बाबांचा फोन. फॉलला, सप्टेंबरात, परत अॅडमिशन घे, तिथे नको असेल तर घराजवळ. बघतो म्हटलं. मी ‘बघतो’ म्हटल्याचं आईला इतकं नवल वाटलं की तिने विचारलं, बरं नाही का तुला.

२ मे, सोम.

निकाल. कॉलेज बंद नाही. ‘सेंटर’ होणार. फ्रेंच भाषा आणि संस्कृतीचं. शिकवणं इंग्लिशमध्ये, ‘जास्तीत जास्त विद्यार्थ्यांना लाभ व्हावा म्हणून’. इमारत तीच.

काका म्हणाले, “सेंटर म्हणजे जिथे सगळे येऊन जातात आणि कोणी राहत नाही.” आणि मग औषध घ्यायचं विसरलो म्हणाले. बाटली समोरच होती.

थे.ला सेंटरमध्ये असिस्टंटची जागा देतायत. शिकता शिकता काम, इथेच. सुनावणीतलं तिचं भाषांतर डीनला फार आवडलं म्हणे. शुक्रवारी दुपारपर्यंत फोन करून कळवायचं. क्युबेकवाल्यांनाही त्याच आठवड्यात सांगायचंय.

पहिला विचार: राहील! जिन्यावरून धावत खाली आलो. मैदानात जाऊन उगाच एका झाडाला फेरी मारली. मग वर बघितलं तर खिडकीत काका उभे, मला न बघता माझ्याच दिशेला तोंड करून.

४ मे, बुध.

सुध्याशी भांडण. म्हणाला, “तिला सांग ना राहा म्हणून. कॉलेज तसंही गेलं, निदान पोरगी तरी वाचव.”

“पोरगी काय पुरात पडलीये?”

“तू पडलायस.”

दार आपटून बाहेर गेलो. परत आलो तर त्याने माझ्या वाटणीचं वरण झाकून ठेवलेलं.

काय म्हणायचं ते मला पाठ आहे. फ्रेंचमध्ये तालीम केली, आरशासमोर. राहा. इथे राहा. वाक्य सोपं आहे, चूक व्हायला जागा नाही. पण ती राहिली तर रोज सकाळी त्या दारातून आत जाऊन इंग्लिशमध्ये फ्रेंच शिकवणार. मेमेर विचारेल, काय शिकवतेस, आणि ती सांगेल. हे मला दिसतं, आणि तरी वाक्य तेच येतं तोंडात.

६ मे, शुक्र.

अकराच्या सुमारास टेपरेकॉर्डर परत करायला कॉलेजवर गेलो. ऑफिसात थे. एकटी. कपाटं अर्धी रिकामी, खोकी भिंतीला. फोनसमोर बसली होती.

टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला. तिने खुर्चीकडे हात केला. बसलो नाही.

मग तिने इंग्लिशमध्ये विचारलं. या भिंतींच्या आत तिचं इंग्लिश मी कधीच ऐकलं नव्हतं. “व्हॉट डू यू वॉन्ट मी टू डू?”

यू. त्यातून काही कळत नाही. तू नाही, तुम्ही नाही, सपाट. का इंग्लिशमध्ये विचारलं? अंतर ठेवायला? की त्यातून मला काही काढता येऊ नये म्हणून? की खरंच थकली होती आणि जे तोंडात आलं ते बोलली? डोळ्यांखाली काळं. दोन रात्री झोपली नसेल. बाप इथे, मेमेर इथे. मी इथे. आणि तिकडे, तिला स्वतःला न वाकवता बोलता येईल अशी जागा.

“सांग ना,” ती म्हणाली. “नेहमी तर आधी बोलून मोकळा होतोस.”

हे इंग्लिशमध्येच. मराठीत मी ते असं ऐकलं. दुसरं कसं ऐकणार.

वाक्य तयार होतं. आरशासमोरचं. जिभेवर आलं होतं, खरंच, चव लागत होती त्याची. टेबलाची कड धरून ठेवली.

“मला विचारू नकोस,” म्हटलं. “मला काय हवंय ते तुला माहीत आहे. त्यावरून ठरवू नकोस.”

तिने मान खाली घातली. हो म्हणून की नुसतीच, कळलं नाही. मग हात फोनकडे नेला, आणि तसाच ठेवला रिसीव्हरवर, न उचलता. मी जाण्याची वाट बघत होती की मी काही बोलण्याची? दोन्ही असेल.

क्युबेकचा नंबर डाव्या हाताशी एका कागदावर, डीनचा उजव्या हाताशी. वर नावं होती, आकडे मी वाचले नाहीत.

बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही.